लाँड्रीवरचा तिकोनी कोपरा

आमची मशीद वीस वर्षं तिरकी होती. इमारत सरळ, रस्ता सरळ, खालच्या लाँड्रीतली मशिनंसुद्धा एका ओळीत सरळ. तिरके फक्त आम्ही. नमाजाला तोंड करायचं ते किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आणि इमारती बांधणारे काही किब्ला बघून बांधत नाहीत. लाँड्रीच्या वरची ती खोली भाड्याने घेतली तेव्हा अब्बा, नकाशाचाचा, बेकरीवाले चाचा आणि आणखी चौघे असे सात जण होते. होकायंत्र ठेवून दिशा काढली, तर ती निघाली थेट समोरच्या कोपऱ्यात. झालं! अब्बा फरशी बसवणारे. त्यांनी खिशातून दोरी काढली, खडूच्या भुकटीत घोळवली, दोन्हीकडून ताणून धरली आणि जमिनीवर फटकन मारली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक निळी रेघ उमटली, तिरकी. त्या रेघेवर सात जण उभे राहिले. मशीद सुरू.

आता चौकोनी खोलीत तिरक्या ओळी घातल्या की पुढे एक तिकोन उरतो आणि मागे एक. पुढच्यात इमामसाहेब उभे राहायचे. मागच्यात झाडू, बादली आणि जास्तीच्या सतरंज्यांच्या गुंडाळ्या. मी जन्मायच्या आधी एकदा अम्मी धुतलेल्या सतरंज्या ठेवायला तिथे गेली आणि तेवढ्यात नमाज उभी राहिली. दार दुसऱ्या टोकाला. बाहेर पडायचं तर सगळ्या पुरुषांच्या पुढून जायला हवं. मग तिने पायाने बादली सरकवली आणि तिथेच नमाज पढून घेतली. पुढच्या आठवड्यात ती नर्सखालाला घेऊन आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात पडदा शिवून आणला. कोणी परवानगी मागितली नाही, कोणी दिली नाही. बायकांचा कोपरा तयार झाला.

त्या कोपऱ्यात ओळी लहान लहान होत जायच्या. पडद्याला लागून पाच जणी, मागे तिघी, आणि अगदी टोकात एकच. लहानपणी ती एक म्हणजे मी. भिंतीच्या आतून लाँड्रीच्या ड्रायरचा पाइप गेलेला, त्यामुळे पाठ नेहमी शेकून निघायची आणि सगळ्याला साबणाचा वास. उन्हाळ्यात तर जीव नकोसा व्हायचा. तरी अम्मी यायची. कपडे दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर उभी राहून पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, गिऱ्हाइकांची बोलणी खायची, आणि सुटल्यावर घरी न येता आधी तिथे. एकदा मी विचारलं, "अम्मी, घरी पढलीस तर नाही का चालत?"

"घरी पढायला लागले की तुझा भाऊ विचारतो मोजे कुठे आहेत," ती म्हणाली. "नमाज संपवून सलाम फिरवायच्या आधीच विचारतो. तिथे मला कोणी काही मागत नाही. दिवसातली तेवढीच पंधरा मिनिटं."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. दमलेलं माणूस खुर्ची कुठे आहे ते सांगतं, तसं सांगत होती.

सातांचे सत्तर झाले, सत्तरांचे दोनशे. शुक्रवारी जिन्यावर माणसं उभी राहायला लागली, मग फुटपाथवर. लाँड्रीचा मालक एकदा हातात घडी केलेली चादर घेऊन वर आला. चादरीवर छताचे पोपडे. "तुमचं सगळं मान्य आहे मला," तो अगदी नरमाईने म्हणाला, "फक्त तुम्ही सगळे एकदम खाली वाकता ना, तेव्हा जरा हळू वाकता येईल का?" त्यानंतर बरेच महिने इमामसाहेब नमाजाच्या आधी सांगायचे, भाइयों, सावकाश, खाली चादरी आहेत.

मग टायरच्या जुन्या गोदामाची जागा मिळाली. ते पाडायला, परवानग्या काढायला आणि नवी मशीद उभी करायला सहा वर्षं लागली. सहा वर्षं आमच्या घरात रविवार नावाचा वार नव्हता. अब्बा आठवडाभर लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवायचे आणि रविवारी अल्लाच्या घरात. नकाशाचाचा पाणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले, आता जमिनीवरचं काहीतरी काढायला मिळालं म्हणून आधी हरखले आणि मग सहा वर्षांत त्यांचे उरलेले केसही गेले. बेकरीवाले चाचा पहाटे तीनला भट्टी लावून दुपारी सिमेंट कालवायला यायचे आणि पोत्यावर बसल्या बसल्या झोपायचे. शेवटी शेवटी मीटिंगमध्ये कोणी कोणाशी भांडतसुद्धा नव्हतं. भांडायला अंगात काही शिल्लक लागतं.

पण हॉल असा झाला म्हणता! मुख्य भिंत थेट किब्ल्याकडे, सगळ्या ओळी भिंतीला समांतर. अब्बांनी दोन फुटी फरश्या अशा बसवल्या होत्या की एका माणसाला रुंदीला एक फरशी, लांबीला दोन. एका ओळीत चाळीस माणसं, सोळा ओळी, प्रत्येक ओळीच्या कडेला गडद पट्टी. सतरंजी सरकली तरी माणूस सरकणार नाही. डाव्या हाताला सगळ्या खिडक्या आणि एक छोटं दार, बाहेरच्या गल्लीत उघडणारं, सामान आणण्यासाठी ठेवलेलं. अब्बा लोकांना सांगायचे, "एक फरशीसुद्धा कापावी लागली नाही. एकही तुकडा नाही." फरशी बसवणाऱ्याच्या तोंडी ही केवढी मोठी गोष्ट आहे ते मला तेव्हाही ठाऊक होतं.

उद्घाटनाच्या आधीच्या शनिवारी अम्मी टेप घेऊन गेली. नव्या पडद्याचं माप घ्यायला. मीही गेले, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं आणि हॉल रिकामा असताना घसरगुंडी करता येते. आत अब्बा, नकाशाचाचा आणि बेकरीवाले चाचा भिंतीला टेकून बसले होते.

"घ्या, भाभी आल्या," बेकरीवाले चाचा म्हणाले. "आता पडदे लागले की आपण सुटलो."

अम्मीने टेप बाहेर ओढली. एकदा मागच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा पुढच्या. मग चारही कोपऱ्यांकडे पाहिलं. कोपरे चारही काटकोनात, आणि चारही कोपऱ्यांपर्यंत गडद पट्ट्या पोचलेल्या.

"पडदा कुठे लावायचाय?" तिने विचारलं.

नकाशाचाचांनी नकाशा उलगडला. तो इतक्या वेळा उलगडला होता की घडीवर फाटून चार तुकडे झाले होते. त्यांनी तुकडे जमिनीवर जुळवले. चष्मा वर केला, खाली केला. मग डोक्यावरून हात फिरवला.

"या अल्ला," ते म्हणाले.

"काय झालं?" अब्बा.

"बायकांची जागा."

"तिचं काय?"

"नाहीये."

मग नकाशाचाचा अम्मीकडे न बघता म्हणाले, "भाभी, मी जुनी खोली मोजूनच हे काढलं हो. कमिटीने सांगितलं, आहे तसंच काढा, फक्त मोठं. मी ओळी मोजल्या, माणसं मोजली, इमामांची जागा मोजली. तुमचा कोपरा ओळींमध्ये नव्हताच. तो... तो उरलेला होता. आणि इथे मी काही उरूच दिलं नाही." "सहा वर्षं मी हेच सांगत फिरलो, की इंचभरही जागा वाया घालवली नाही म्हणून."

"असू दे, असू दे," बेकरीवाले चाचा घाईघाईने म्हणाले. "पुढेमागे वर मजला चढवू, तेव्हा बायकांना अख्खा मजला देऊ. तोपर्यंत भाभी, घरी पढा. घरीही तेवढंच पुण्य."

"पुढेमागे म्हणजे?" मी विचारलं. "अजून सहा वर्षं?"

"तू गप गं पोरी."

मागच्या वर्षीची मी असते तर गप्प बसले असते. मागच्या वर्षी वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणतानाही माझा घसा सुकायचा. पण यंदा वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी दुसरी आले आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला झाकण राहिलेलं नाही. मी श्वास घेतला, आता एक फर्मास भाषण ठोकायचं, तेवढ्यात अम्मीने टेपचं बटण दाबलं. टेप सर्रकन आत गेली.

"चल," ती म्हणाली.

घरी आल्यावर शिलाई मशिनवर ताणून ठेवलेलं पडद्याचं हिरवं कापड तिने काढलं, घडी केली, कपाटात ठेवलं आणि पलंगावर आडवी झाली. अम्मी दिवसा आडवी होत नाही. तापातसुद्धा नाही.

"अम्मी, चिडली आहेस?"

"नाही गं. दमले आहे."

"अगं, मग भांड ना! त्या सतरंज्या कोणी धुतल्या? जिना कोणी पुसला? तू सांग, नाहीतर मी सांगते!"

"बेटा, सगळे दमलेत. त्यांनी मुद्दाम केलं असतं तर भांडले असते. विसरले. विसरलेल्या माणसाशी काय भांडायचं?" तिने भिंतीकडे तोंड केलं. "जाऊ दे. पंधरा मिनिटं तर होती."

अब्बा आले ते गुडघ्यांना तेल चोळत बसले. पंचवीस वर्षं गुडघ्यांवर काम केलेला माणूस. उठताना त्यांचे गुडघे कट् कट् वाजतात आणि आम्ही पोरं मोजतो. त्या दिवशी मोजायची कोणाला हौस नव्हती. त्यांनी दोनदा पलंगाकडे पाहिलं. "अगं, ऐक तरी," एवढं म्हणाले, आणि पुढे काय ऐकवायचं ते त्यांनाच सुचलं नाही.

मला मात्र सुचलं! रविवारी कमिटीची मीटिंग होती. मी सकाळपासून वही घेऊन घरोघर फिरले. जुन्या कोपऱ्यात कधी ना कधी आलेली, किंवा जागा असती तर आली असती अशी प्रत्येक बाई मी वहीत लिहिली. नर्सखाला नुकती ड्यूटीवरून आली होती, एक बूट पायात आणि एक हातात. "लिही, लिही माझं नाव," ती म्हणाली. "आणि जमलं तर टेकायला भिंत मिळेल का बघ." शाळेत सफाईकाम करणारी शेजारीण म्हणाली, "मी जिन्यापर्यंत येऊन परत जायचे गं. आत हलायला जागा कुठे होती?" दुपारपर्यंत चौसष्ट नावं झाली. घरी येऊन मी अम्मीला म्हटलं, "पासष्टावं तुझं."

"माझं राहू दे."

"का?"

"राहू दे म्हटलं ना."

ती नंतर आपोआप येईल म्हणून मी तशीच मीटिंगला पळाले. आणि काय बोलले म्हणता! दारात उभी राहून एका दमात चौसष्ट नावं वाचली. नकाशाचाचांना म्हटलं, तुम्हाला आकडा हवा असतो ना, हा घ्या आकडा. बेकरीवाल्या चाचांना म्हटलं, तुमच्या घरातलीच तीन नावं आहेत, वाचू परत? ते म्हणाले, "नको, पोहोचली." इमामसाहेब दाढीत हसले. अर्ध्या तासात ठराव झाला. मागच्या दोन ओळी बायकांना. ऐंशी जागा. मध्ये पडदा.

मी उड्या मारत घरी आले. मागून अब्बा कट् कट् करत.

"अम्मी! मिळवलं! मागच्या दोन ओळी! ऐंशी जागा!"

अम्मी भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

"मागच्या म्हणजे दाराजवळच्या?"

"हो."

"म्हणजे जिथे सहाशे माणसं चपला काढून आत येणार."

मी वही पाठीमागे धरली.

"म्हणजे उशिरा आलेला प्रत्येक माणूस आमच्यामधून पुढे जाणार. किंवा आमच्या पुढ्यात पडद्याशी थांबून खाकरणार, म्हणजे आम्ही सरकायचं." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू कोणाला विचारून मागच्या ओळी मागितल्यास?"

"मी... मी नाही मागितल्या. त्यांनी दिल्या."

"आणि तू घेतल्यास."

"मग काय करायला हवं होतं?"

"त्या चौसष्ट बायकांना नाव विचारलंस. कुठे उभं राहायचंय ते विचारलंस?"

नर्सखालाने भिंत मागितली होती. मी वहीत लिहिलंसुद्धा नव्हतं. माझे कान इतके गरम झाले की वाटलं, धूर निघतोय.

"वीस वर्षं मी उरलेल्या जागेत उभी राहिले," अम्मी म्हणाली. "कुरकुर केली नाही. खोलीच तेवढी होती, उरायचं तेच मिळायचं. पण आता अख्खं घर नव्याने बांधलंत. त्यातही आधी सगळं वाटून टाकायचं आणि शेपूट माझ्या हातात द्यायचं? मला नको. मी घरी पढेन. मोजे शोधत पढेन." तिने नळ परत सुरू केला.

अब्बा दारातच उभे होते. इतका वेळ उभं राहिल्याने त्यांनी चौकट धरली होती.

सोमवारी ते कामावर गेले नाहीत. सकाळी अम्मी दुकानात जायला निघाली तेव्हा म्हणाले, "दहा मिनिटं माझ्याबरोबर चल. मग मी सोडतो दुकानात." माझी शाळा दुपारची, म्हणून मीही मागून गेले. यावेळी तोंड बंद ठेवायचं असं ठरवून.

हॉल रिकामा होता. खिडक्यांतून ऊन थेट मधोमध पोचलेलं. अब्बांनी खिशातून खडू काढला.

"तुला कुठे उभं राहायचंय?"

"कशाला आता? ठराव झालाय."

"ठराव मी नाही विचारला. कुठे उभं राहायचंय?"

अम्मीने त्यांच्याकडे पाहिलं. मग दुकानाची पिशवी खाली ठेवली, चपला दाराबाहेर काढल्या आणि चालायला लागली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती इतका मोठा हॉल एकटीने चालताना मी पहिल्यांदा पाहत होते. मधोमध थांबली, मान हलवली. उजव्या भिंतीशी गेली. तिथे वुजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या नळांची ओल होती, परत फिरली. मग डाव्या बाजूला, खिडक्यांपाशी. छोटं दार उघडून गल्लीत डोकावली, बंद केलं. खिडकीखालच्या भिंतीला हात लावून पाहिला.

"इथे," ती म्हणाली. "पुढून मागपर्यंत, भिंतीलगत. या दारानेच यायचं, या दारानेच जायचं. कोणाला ओलांडायला नको. ज्यांना टेकायचंय त्यांना भिंत आहे."

"रुंदी?"

अम्मीने फरश्या मोजल्या. "पाच."

अब्बा ओठांतल्या ओठांत पुटपुटले. "पाच गुणिले सोळा." मग थांबले. "ऐंशी."

"मागच्या दोन ओळींतही ऐंशीच होत्या," मी न राहवून म्हटलं. एवढं चालतं.

अब्बांनी फोन करून नकाशाचाचा आणि इमामसाहेबांना बोलावलं. बेकरीवाले चाचा न बोलावताच आले, कपड्यांवर पीठ.

"पुढपर्यंत?" ते म्हणाले. "म्हणजे बायका थेट इमामांच्या बरोबरीने?"

"माझ्या पुढे नाहीत ना?" इमामसाहेबांनी विचारलं.

"एक ओळ मागूनच सुरू," नकाशाचाचा म्हणाले. "पहिली ओळच तुमच्या मागे आहे."

"मग झालं. मध्ये काहीतरी उभं करा म्हणजे कोणी कोणाकडे बघत बसणार नाही."

"पण एवढा लांब पडदा झोळ खाईल, आणि लाकडी आडोसा उभा करायचा तर खाली पाया धरायला हवा," नकाशाचाचा चिंतेत पडले. "म्हणजे सहाव्या फरशीची अख्खी ओळ उचलावी लागेल. पुढून मागपर्यंत. बत्तीस फरश्या. आणि परत बसवताना..." त्यांनी अब्बांकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. परत बसवताना कापाव्या लागणार होत्या. सगळ्या.

"शुक्रवारचं उद्घाटन तोंडावर आलंय," बेकरीवाले चाचा म्हणाले. त्यांनी जमिनीवरच बसकण मारली. "मला वाटलं होतं, संपलं."

"मलाही," अब्बा म्हणाले.

त्यांनी छिन्नी आणि हातोडी आणली. पुढच्या भिंतीशी गुडघे टेकले, कट्, कट्, आणि सहाव्या फरशीच्या सांध्यात छिन्नी घातली. पहिली फरशी काही केल्या निघेना. दहा मिनिटं ठोकाठोक.

"इतकी घट्ट कोणी बसवली?" अम्मीने विचारलं.

"होता एक मूर्ख," अब्बा म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांनी दंडाला पुसला. फरशी निघाली, पण दुभंगून. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून क्षणभर पाहिले आणि बाजूला ठेवले. मग दुसरी.

अम्मीने दुकानात फोन केला. "आज नाही जमणार," एवढंच म्हणाली. का ते सांगितलं नाही. त्यांनी बहुतेक बरंच काही सुनावलं, कारण तिने फोन कानापासून जरा लांब धरला होता. मग फोन पिशवीत टाकून ती खिडकीखाली गेली, भिंतीला पाठ लावून बसली आणि पाय लांब सोडले. डोळे मिटले. तिची टाच फुटलेली होती, मोज्याच्या भोकातून दिसत होती.

दुपारपर्यंत सात फरश्या निघाल्या. माझी शाळा बुडाली; मी आणि नकाशाचाचा त्या एकेक करून छोट्या दाराने गल्लीत नेऊन ठेवत होतो. आठवी अब्बांनी स्वतःच उचलली. दोन्ही हातांत फरशी, पाठ वाकलेली, असे ते दाराकडे निघाले आणि अम्मीच्या पायांपाशी येऊन थांबले.

"अगं, पाय घे जरा. जड आहे."

अम्मीने डोळे उघडले नाहीत.

"ही जागा माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही वळसा घाला."

अब्बांनी फरशी नीट पोटाशी धरली. मग त्यांनी वळसा घातला.